रक्तार्श म्हणण्यापूर्वी : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या अधिजनुकीय खुणा

गुदमार्गे रक्त जाणारा रुग्ण प्रथम वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतो, हे भोर-वेल्हे परिसरात व्यवसाय करणाऱ्यांस सांगावयास नको. बहुतेकांस अर्श वा परिकर्तिका असते. काहींस मात्र मोठ्या आतड्याचा वा गुदाचा कर्करोग असतो आणि आरंभी तक्रार सारखीच भासते. हा रोग लवकर ओळखणाऱ्या नव्या चाचण्यांचे तत्त्व, मर्यादा आणि आपल्या व्यवसायातील स्थान यांचा येथे विचार करू.

खुणेचे स्वरूप

कोणते जनुक कार्यरत राहील आणि कोणते निद्रिस्त, हे डीएनएवरील रासायनिक खुणांवरही अवलंबून असते. सायटोसिन या घटकास मिथिल गट जोडला जाणे ही त्यांतील प्रमुख खूण. पेशींच्या वाढीस आवर घालणाऱ्या जनुकाच्या आरंभस्थानी अशा खुणा दाट झाल्या, की मूळ अक्षरे न बदलताही ते जनुक मूक होते. आतड्यातील पॉलिपचे कर्करोगात रूपांतर होण्यास सामान्यतः दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. या खुणा त्या वाटेवर बऱ्याच आधी उमटू लागतात. झडलेल्या पेशींचा डीएनए मलात व अल्पांशाने रक्तात येतो, म्हणून तेथे त्यांचा शोध घेता येतो.

सुश्रुताचार्यांच्या षट्क्रियाकालाचा हेतूही व्याधी पूर्ण व्यक्त होण्याआधी ओळखण्याचाच आहे. मात्र हे साम्य हेतूपुरतेच समजावे.

चाचण्यांची क्षमता

अमेरिकेत २०१४ साली मान्य झालेल्या एका मलचाचणीत एनडीआरजी-४ व बीएमपी-३ या जनुकांवरील मिथिल खुणा, केआरएएस जनुकातील बदल आणि मलातील रक्त एकत्र तपासतात. सुमारे दहा हजार व्यक्तींच्या अभ्यासात तिने ९२ टक्के कर्करोग ओळखले. केवळ मलातील रक्त शोधणाऱ्या फिट चाचणीने ७४ टक्के. सेप्टिन-९ जनुकाची रक्तचाचणी २०१६ साली मान्य झाली. परंतु लक्षणरहित व्यक्तींच्या मोठ्या अभ्यासात तिने निम्म्याहून किंचित कमीच कर्करोग ओळखले. २०२४ साली मान्य झालेल्या दुसऱ्या रक्तचाचणीने ८३ टक्के कर्करोग ओळखले, तरी प्रगत पॉलिप अवघे १३ टक्के.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चाचणी सदोष आली तरी निश्चितीसाठी कोलोनोस्कोपी करावीच लागते. दुसरे, या चाचण्या लक्षणे नसलेल्यांसाठी आहेत. ज्याचे रक्त पडते आहे, त्यास अशी चाचणी सुचवून निर्दोष अहवालावर निश्चिंत होणे घातक ठरेल.

आपले कर्तव्य

राष्ट्रीय कार्यक्रमातील कर्करोग तपासणी मुख, स्तन व गर्भाशयमुख यांपुरती आहे. मोठे आतडे त्यात नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांच्या पाहणीत या रोगाच्या रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे आढळले. म्हणून 'वय लहान आहे' हे आश्वासन पुरेसे नाही.

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा येथे पूर्णपणे वापरावी. गुदातील अर्बुद पुष्कळदा अंगुलीपरीक्षणात हातास लागते. अर्श दिसला म्हणून वर अर्बुद नाही असे ठरत नाही. मलप्रवृत्तीत कित्येक आठवडे टिकलेला बदल, मलासह श्लेष्मा व रक्त, मलत्याग अपुरा वाटणे, वजन घटणे किंवा कुटुंबात हा रोग असणे, यांपैकी काही आढळल्यास रुग्ण कोलोनोस्कोपीसाठी पाठवावा. पुरुषांतील व रजोनिवृत्त स्त्रियांतील पांडू कारण न शोधता नवायस लोहावर सोपवू नये. लोहकल्पांनी मल काळा होतो आणि वरच्या भागातून होणारा रक्तस्राव झाकला जातो. हळदीतील घटकांचा मिथिल खुणांवर परिणाम प्रयोगशाळेतील पेशींत दिसला असला, तरी त्यावरून रुग्णास उपचाराचे आश्वासन देणे योग्य नव्हे.

औषधविक्रेत्यांचे साहाय्य याहून कमी मोलाचे नाही. एकच गिऱ्हाईक मूळव्याधीच्या गोळ्या पुन्हापुन्हा नेत असेल, तर त्यास तपासणीविना पुढची बाटली न देता वैद्याकडे पाठवावे.

हिरडस मावळातील वा गुंजण मावळातील रुग्णास पुण्याची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. तो ससूनला जाईल तो आपल्या शब्दावर विश्वास ठेवून. म्हणून लक्षणे, परीक्षणात आढळलेल्या गोष्टी व दिलेली औषधे नमूद केलेले पत्र त्याच्या हाती द्यावे आणि तो जाऊन आला की नाही, याची चौकशी अवश्य करावी.