फत्तेखानांची जमीन

वरंधच्या बाजूला आमचे एक चाचा राहतात. शेती बेताचीच. पावसाळ्यात भात, वरकसावर नाचणी-वरी आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. सध्या रोजे चालू आहेत आणि राब भाजायचे दिवसही हेच. सहरी करून, फजरची नमाज पढून चाचा शेतावर जातात आणि ऊन चढायच्या आत परततात. घशाला कोरड पडते, पण संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही.

या घरात एक जुनी रीत आहे. खळ्यावर भात झोडून झालं की ते कणगीत जाण्याआधी त्यातला दहावा हिस्सा बाजूला काढायचा. याला 'उश्र' म्हणतात. उश्र म्हणजे दहावा भाग, शेतीची जकात. पैशाची जकात बरेच लोक रमजानमध्ये काढतात. उश्रला मात्र रमजानची वाट पाहायची नसते. ज्या दिवशी पीक हाती आलं, त्याच दिवशी गरिबाचा हक्क द्यायचा, अशी कुरआनची शिकवण आहे.

त्याचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. पावसाच्या पाण्यावर पिकलेल्या शेताला दहावा हिस्सा, तर मोट किंवा पंप लावून भिजवलेल्या शेताला विसावा. पाण्यासाठी ज्याने जादा कष्ट आणि पैसा घातला, त्याला सवलत. आपल्या कोकणी मुसलमानांत बहुतेक जण शाफई आहेत. त्या मताप्रमाणे पीक पाच वसकांपेक्षा, म्हणजे साधारण साडेसहाशे किलोंपेक्षा कमी असेल, तर उश्र लागू होत नाही. स्वतःच्याच पोटाची भ्रांत असलेल्या शेतकऱ्यावर हा भार टाकलेला नाही. उश्र आणि जकात कोणाला द्यायची, हे ठरलेलं आहे. त्यापलीकडे स्वखुशीने दिला जातो तो सदका. तो कोणालाही देता येतो, घेणाऱ्याचा धर्म विचारायचा नसतो.

२०२१ साली बकरी ईदच्या दुसऱ्याच दिवशी, २२ जुलैला, महाड पाण्याखाली गेलं. त्याच संध्याकाळी तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या आठवड्यात चाचांनी कणगी उघडली आणि चुलीवरून भाताचं पातेलं उतरलंच नाही. कोण जेवतंय, हे कोणी विचारलं नाही.

पण धान्य दिलं तर ते पुढच्या साली पुन्हा पिकतं. जमिनीचं तसं नाही. शेतकऱ्याची पत, लेकीचं लग्न, म्हातारपण, सगळं त्या तुकड्यावर उभं असतं. म्हणून या मुलुखातली एक जमीन मला दर रमजानला आठवते. ती फत्तेखान यांची.

गोष्ट १९२७ ची आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचं ठरवलं. कागदावर तळं खुलं झालं, पण पाण्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस यांच्या खटपटीने महाडला परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले. त्यांनी ते पाणी ओंजळीने प्यायलं. त्यानंतर अफवा उठली की ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या घेतलेले जमाव चालून गेले. जेवायला बसलेल्यांना, घराकडे निघालेल्यांना मारहाण झाली. त्या गोंधळात कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला.

आता हिजरी कालगणना लावून पाहा. तो १३४५ चा रमजान होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेला महिना २० तारखेला मध्यावर आला होता. म्हणजे ज्या घरांची दारं त्या दिवशी उघडली, ती रोजेदारांची घरं होती. सबंध दिवस पाण्यावाचून राहणाऱ्यांच्या ओसरीवर, पाणी प्यायल्याबद्दल मार खाल्लेली माणसं येऊन बसली होती. तहान म्हणजे काय, हे त्या दिवशी दोघांनाही कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह परिषद भरायची होती. एव्हाना विरोधही पक्का झाला होता. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला होता, दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला गेला होता. व्यापारी धान्य विकेनात, म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. मंडपाला जागाही मिळेना. त्या वेळी फत्तेखान या स्थानिक मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ ला परिषद भरली ती त्याच जमिनीवर, आणि त्याच रात्री तिथे मनुस्मृतीचं दहन झालं.

बाहेरून आलेले लोक दोन-चार दिवसांनी परत गेले. जमीन देणाऱ्याचं घर मात्र महाडातच होतं. ज्यांनी जागा नाकारली, त्यांच्याशीच उद्या उठबस आणि देवघेव करायची होती. गावात राहणाऱ्याला गावाचा रोष किती जड असतो, हे खेड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दहा वर्षांनी, मार्च १९३७ मध्ये, मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. निकालाची पुस्तकं झाली. जमिनीच्या त्या तुकड्याचा उल्लेख मात्र बहुतेक ठिकाणी एका ओळीत आटोपतो.

माणसाने झाड लावावं किंवा शेत पेरावं, त्यातलं पाखराने, जनावराने, माणसाने जे खाल्लं ते सगळं पेरणाऱ्याच्या नावावर सदका म्हणून लिहिलं जातं, असं पैगंबर साहेबांनी सांगितलं आहे. फत्तेखानांच्या जमिनीवर त्या थंडीत जे पेरलं गेलं, त्याचं पीक आपण सगळेच अजून खात आहोत.

२० मार्चला महाडला दरवर्षी मोठी गर्दी लोटते. अलीकडे हा दिवस रमजानच्या आसपास येतो आहे. वाटेत कोणी तहानलेला भेटला तर रोजेदारानेही त्याला पाणी द्यावं. रोजा आपल्या पिण्याला असतो, पाजण्याला नसतो. चाचांच्या पडवीतला रांजण रमजानमध्येही भरलेला असतो. येणाऱ्याजाणाऱ्याने पाणी घ्यावं, कोण-कुठला हे सांगायची तिथे गरज पडत नाही.