एका सेकंदाची गोष्ट

आजचा विषय एका सेकंदाचा आहे, पण सुरुवात आपल्या कुहीपासून करू.

आपल्या घड्याळात दुपारचे बारा वाजतात, तेव्हा कुहीचा सूर्य मध्यावर आलेला नसतो. सरासरी बारा-तेरा मिनिटं तरी जायची असतात. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, आणि आपण साधारण ७९.३५ अंशांवर. अंशाला चार मिनिटं, करा हिशेब. मुंबईत हा फरक ३९ मिनिटांचा.

१ जानेवारी १९०६ ला ही प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईतले गिरणी कामगार भडकले. घड्याळ पुढे गेलं म्हणजे सूर्याच्या हिशेबानं ३९ मिनिटं आधी कामावर यायचं! शहराच्या बऱ्याच भागात जुनी मुंबई वेळ पुढे अनेक वर्षं चालू राहिली. तेव्हा घड्याळ लावणं ही नुसती यंत्राची बाब नाही, हे ध्यानात ठेवा.

आता सेकंदाकडे येऊ. आज जगाची वेळ अणुघड्याळं मोजतात. सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद. हे घड्याळ चुकत नाही. पृथ्वीचं फिरणं मात्र तितकं नेमकं नाही. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीनं ती दीर्घकाळात मंदावते. म्हणून दोघांमध्ये ०.९ सेकंदापेक्षा जास्त अंतर पडू नये, यासाठी १९७२ पासून अधूनमधून एक सेकंद वाढवतात. त्याला लीप सेकंद म्हणतात. आतापर्यंत असे २७ झाले.

आपल्याला यात नवल वाटू नये. चांद्र महिने ऋतूंपासून सरकू नयेत म्हणून आपण अधिक मास धरतोच. फरक एवढाच, की अधिक मास कधी येणार हे पंचांगकर्ते आधीच गणितानं सांगतात. लीप सेकंदाचं तसं नाही. पृथ्वी कशी फिरते ते बघून जेमतेम सहा महिने आधी कळवतात.

शेवटचा लीप सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे आला. ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर साडेपाच व्हायचे, तर मध्ये साठावा सेकंद आला. आता संगणकाची पंचाईत बघा. बहुतेक संगणक दिवसाचे ८६,४०० सेकंदच धरतात. त्याच्या वहीत जास्तीच्या सेकंदाला ओळच नाही! मग तो एकच सेकंद दोनदा मोजतो. समजा, पहिल्या फेरीच्या शेवटी खात्यात पैसे जमा झाले आणि दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला काढले. नोंदीत दिसेल, की आधी काढले आणि मग आले. तत्त्वज्ञानात आम्ही म्हणतो, कारण आधी, कार्य नंतर. इथे तो क्रमच उलटा!

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. जुलै २०१२ मध्ये लीप सेकंदानंतर लिनक्स प्रणालीतल्या एका दोषामुळे अनेक सर्व्हर गोंधळले. झोपलेले प्रोग्राम सारखे जागे होत राहिले आणि प्रोसेसर राबराब राबले. गूगलनं वेगळी वाट काढली. तो सेकंद चोवीस तासांवर पातळ पसरायचा, प्रत्येक सेकंद किंचित लांबवायचा. पण एकानं पसरला आणि दुसऱ्यानं एकदम घातला, तर तेवढ्या वेळेपुरती दोघांची घड्याळं जुळत नाहीत.

अलीकडे पृथ्वी थोडी वेगानं फिरू लागली आहे. असंच चाललं तर कधीतरी सेकंद वगळावा लागेल, क्षयतिथीसारखा. ते आजवर एकदाही केलेलं नाही. शेवटी २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ठरवलं, की २०३५ पर्यंत ०.९ सेकंदाची मर्यादा वाढवायची. म्हणजे लीप सेकंद जवळजवळ थांबेल.

संगणकांची सोय झाली, चांगलंच आहे. पण सूर्याशी असलेला आपला करार आपण सैल करतो आहोत, हे जाणून करावं. शतकाला मिनिटभराचा फरक कुणाला जाणवणार नाही. मात्र १९०६ मध्ये ३९ मिनिटं कुणाच्या झोपेतून गेली, ते आठवा. वेळ हा सगळ्यांचा करार आहे. म्हणून तो बदलताना कुणाला विचारलं, हा प्रश्न विचारत राहायला हवा.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.