सट्ट्याचा भाव: काय खरे, काय ऐकीव

आयपीएल सुरू झाली की छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीपासून वाळूजच्या कामगार वसाहतींपर्यंत "आज काय भाव?" हा प्रश्न हलक्या आवाजात फिरू लागतो. त्याच दिवसांत पोलिसांचे छापे पडतात, मोबाइल आणि लॅपटॉप जप्त होतात, दुसऱ्या दिवशी बातमी येते. भाव ठरतो कसा, हे त्या बातमीत नसते. मग जो तो आपल्या परीने सांगतो, आणि बहुतेक वेळा चुकीचे सांगतो.

"भाव म्हणजे बुकीचे भाकीत. निकाल त्याला आधीच ठाऊक असतो."

फेवरिट संघ बऱ्याचदा जिंकतो, म्हणून हे पटते. पण बुकी एक भाव देत नाही, दोन देतो. समजा भाव ८०-८५ पैसे आहे. फेवरिटवर १०० रुपये 'लावणाऱ्या'ला जिंकल्यास ८० मिळतात. फेवरिट 'खाणाऱ्या'ला, म्हणजे तो हरेल असे म्हणणाऱ्याला, १०० कमावण्यासाठी ८५ पणाला लावावे लागतात. आता दोन्ही बाजूंना लाखा-लाखाचे सौदे झाले असे धरू. फेवरिट जिंकला तर बुकी ८० हजार देतो आणि ८५ हजार घेतो. हरला तर एकाकडून आलेले लाख दुसऱ्याला जातात. एका निकालात पाच हजारांचा फायदा, दुसऱ्यात शून्य, तोटा कशातच नाही. निकाल ठाऊक असलेल्या माणसाला हा दोन भावांचा खटाटोप करण्याचे कारणच नव्हते. शिवाय ८० पैशांचा भाव नीट वाचला, तर फेवरिट शंभरांत सुमारे ५५ वेळा जिंकेल एवढेच तो सांगतो. उरलेल्या ४५ वेळा फेवरिट हरला तरी भाव चुकला असे होत नाही.

"सेशन म्हणजे फिफ्टी-फिफ्टी. इथे बुकीला काही कमावता येत नाही."

पैसे दामदुप्पट मिळतात, म्हणून सौदा बरोबरीचा वाटतो. सहा षटकांत किती धावा होतील यावरचे सेशन '४८-५०' असे उघडते. 'यस' म्हणणारा ५० किंवा अधिक धावा झाल्या तर जिंकतो, 'नॉट' म्हणणारा ४७ किंवा कमी झाल्या तर. धावा ४८ किंवा ४९ झाल्या की दोघेही हरतात. मधले हे दोन आकडे शंभर सेशनांत सहा वेळा पडतात असे धरले, तर दोन्ही बाजूंना ४७-४७ विजय येतात. प्रत्येक वेळी १०० रुपये लावणारा ४७ वेळा जिंकून ५३ वेळा हरतो, म्हणजे ६०० रुपये गमावतो. क्रिकेटचे ज्ञान कितीही असो, सुरुवातच या खड्ड्यातून होते. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सट्ट्यात याचाच भाऊबंद सापडतो. तिथे दुबळ्या संघाला आधीच काही गुण बहाल करून सामना कागदावर बरोबरीचा केला जातो, आणि साधारणपणे १०० डॉलर जिंकण्यासाठी ११० पणाला लावावे लागतात. त्यामुळे शंभरांत ५२ पेक्षा थोडे अधिक अंदाज बरोबर आले तरच सट्टा लावणारा तोट्यातून बाहेर येतो. कल्याण मटक्याचा हिशेब तर उघडाच असतो: दहांपैकी एक आकडा यायचा आणि रुपयाला नऊ मिळायचे. सेशनमधली कात्री त्या मानाने लपलेली आहे, इतकेच.

"भाव अचानक उलटा फिरला म्हणजे मॅच फिक्स."

सर्वांत चिवट गैरसमज हाच. त्याला आधारही खरा आहे. २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे फिक्सिंग, २०१० मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानी गोलंदाजांनी मुद्दाम टाकलेले नो-बॉल, २०१३ मध्ये आयपीएलच्या तीन खेळाडूंना झालेली अटक (न्यायालयाने त्यांना २०१५ मध्ये आरोपमुक्त केले): एवढे पाहिलेल्या प्रेक्षकाने संशय घेतला तर त्याला वेडा म्हणता येत नाही. पण ही प्रकरणे उजेडात कशी आली ते पाहावे. क्रोनिएचे आणि आयपीएलचे प्रकरण दिल्ली पोलिसांनी ऐकलेल्या फोनवरील संभाषणांतून बाहेर आले, लॉर्ड्सचे एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या छुप्या कॅमेऱ्यातून. भावाच्या उलथापालथीवरून यांपैकी एकही उघडकीला आले नाही. उलट उदाहरण टेनिसचे आहे. २००७ मध्ये निकोलाय दाविदेन्कोच्या एका सामन्यात भाव इतके विचित्र हलले की बेटफेअर या ऑनलाइन बेटिंग एक्स्चेंजने सगळे सौदे रद्द केले. वर्षभर चौकशी चालली आणि त्याच्याविरुद्ध पुरावा सापडला नाही. विचित्र भाव चौकशीला कारण ठरू शकतो. शिक्षा ठरवायला तो पुरेसा नाही. नाणेफेक, दव, ऐनवेळी बसलेला मुख्य गोलंदाज, एक विकेट, यांतले काहीही टी-ट्वेंटीत भाव क्षणात पालटू शकते.

"आपल्या गावाचा भाव गावातलाच बुकी ठरवतो."

पैसे तो घेतो आणि हिशेब तो चुकता करतो, म्हणून तसे दिसते. भाव मात्र वरून येतो: आंतरराष्ट्रीय बेटिंग एक्स्चेंजवरून मोठ्या बुकींकडे, तिथून फोनच्या लाइनने किंवा ॲपने खाली. स्थानिक माणूस फार तर दोन भावांमधले अंतर वाढवतो आणि अंगावर जड झालेला सौदा वरच्याकडे 'कटिंग' करून उतरवतो. टीव्हीवरचे चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असते. त्यामुळे चेंडू पडण्याआधीच भाव हलल्याचा भास होतो आणि फिक्सिंगच्या गैरसमजाला खतपाणी मिळते.

"बुकी दोन्ही पारडी सारखी ठेवतो, म्हणून त्याला कोण जिंकले याचे सुखदुःख नसते."

हा गैरसमज सहसा जाणकारांचा. वरचा लाखाचा हिशेब पाहून तो आणखी पक्का होईल, पण ते आदर्श चित्र होते. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी २००४ मध्ये अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलच्या सौद्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात दिसले की बुकी पारडी समान करण्याच्या मागे नसतात. लोक कोणत्या बाजूला भावनेने झुकतात हे ओळखून ते भाव किंचित त्या बाजूविरुद्ध लावतात आणि जोखीम स्वतः घेतात. भारत, मुंबई किंवा धोनीची चेन्नई खेळत असताना भक्तांचा पैसा कोणीकडे वाहणार हे ओळखायला अर्थशास्त्र लागत नाही. आपल्या संघावरचे प्रेम बुकीच्या लेखी कच्चा माल आहे.

"ॲपवर खेळले की कायदेशीर."

जाहिरातींत मोठे चेहरे दिसत होते, त्यातून हा समज रुजला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच, आणि अड्ड्यावर सापडलेला खेळणाराही त्याच्या कक्षेत येतो. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. त्यामुळे जिंकलेली रक्कम बुकीने बुडवली, तर ती वसूल करायला कोणत्याही कोर्टात दावा लावता येत नाही.