दीड तासाचे विमान, सहा तासांचा हिशेब

गेल्या ईदच्या सीझनला आम्हाला मालेगावहून साड्यांचा एक लॉट उचलायचा होता. नागपूर-नाशिक विमानाचे तिकीट काढले. दीड तासाचा सफर म्हणून सोनेगावहूनच कारखानदाराला फोन केला, "दोन तासांत तुमच्या गल्लीत येतो." पोहोचलो तेव्हा चार तास होऊन गेले होते आणि लॉट दुसऱ्या पार्टीच्या ट्रकमध्ये चढला होता. चूक विमानाची नव्हती, आमच्या हिशेबाची होती. तोच हिशेब येथे मांडतो.

नागपूरचे सोनेगाव आणि नाशिकजवळचे ओझर या दोन विमानतळांतील सरळ हवाई अंतर सुमारे ५४५ किलोमीटर आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या थेट सेवेसाठी एटीआर हे पंख्याचे विमान लावले गेले. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तास-सव्वातासात पोहोचायला हवे. पण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, वेग कमी करून उतरणे यांत आणखी वेळ जातो. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, तेव्हा जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. म्हणून दीड तास धरावा.

पण व्यापाऱ्याचा सफर विमानतळावर सुरू होत नाही, घरच्या दारात होतो. धंतोलीहून सोनेगाव अर्धा तास. तपासणीसाठी दीड तास आधी हजर. विमान दीड तास. सामान मिळेपर्यंत अर्धा तास. ओझरहून मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगाव ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, त्याला दोन तास. बेरीज सहा तास!

आता रेल्वे पाहा. नागपूरहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी मनमाड. तेथून मालेगाव तासाभराच्या आसपास. सारे धरून अकरा-बारा तास होतात, पण त्यातले बरेचसे झोपेत जातात. दुकानाचा दिवस बुडत नाही, हॉटेलचा खर्चही वाचतो. स्लीपरमध्ये चाळीस किलो सामान मोफत नेता येते. विमानात सर्वसाधारणपणे पंधरा किलो आणि हातात सात. म्हणजे नमुने नेता येतील, गाठी नाहीत.

तिसरा रस्ता समृद्धी महामार्गाचा. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मोटारीने सात-आठ तासांत मालेगाव गाठता येते. तिघे-चौघे भागीदार मिळून निघाले तर खर्चही वाटला जातो.

मग विमान कोणी घ्यावे? ज्याचे काम खुद्द नाशिक शहरात आहे आणि ज्याला त्याच दिवशी भाव ठरवायचा आहे, त्याने जरूर घ्यावे. मात्र वेळापत्रक मोसमागणिक बदलते, ते आधी विचारून घ्यावे.

१९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमाने मध्यरात्री आमच्याच नागपुरात भेटत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि सकाळपर्यंत परत जात. त्या कामात उडण्याच्या वेळेइतकीच भेटीची वेळ महत्त्वाची होती. आमच्या धंद्यातही तेच आहे. यापुढे आम्ही समोरच्या पार्टीला वायदा करू तो घरच्या दारापासून मालाच्या दारापर्यंतची वेळ मोजून. लॉट गेला तर पुन्हा मिळेल, जबान गेली तर मिळणे कठीण.