प्रस्ताव विद्यार्थ्याचा, तारण त्याच्या कामाचे

बँकेतील नोकरीत मी असंख्य कर्जप्रस्ताव वाचले. प्रस्तावातील विशेषणांपेक्षा सोबतचे कागद आधी पाहावेत, हा त्या नोकरीचा धडा. घरच्या मुलीच्या वेळी नेमका तोच मी विसरलो, म्हणून हा लेखनप्रपंच.

भारतीय अंतराळ संशोधन संस्था, अर्थात इस्रो, २०१९ पासून ‘युविका’ हा युवा विज्ञानी कार्यक्रम घेते. नववीचे निवडक विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रांत राहतात, शास्त्रज्ञांना भेटतात, प्रयोगशाळा पाहतात. प्रवास, निवास व भोजनाचा खर्च इस्रोच करते. २०२४ मध्ये नोंदणी २० फेब्रुवारी ते २० मार्च अशी होती. निवडीत आठवीच्या गुणांना ५० टक्के भार; उरलेला प्रश्नमंजूषा, मागील तीन वर्षांतील विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, क्रीडा, स्काउट-एनसीसी यांना; आणि ग्रामपंचायत हद्दीतील शाळेत शिकणाऱ्यास १५ टक्के. गावच्या शाळेचा पत्ता आपण उणीव समजतो. येथे तो जमेच्या बाजूस पडतो.

माझ्या धाकट्या बंधूंची नात सोनगीरलाच शिकत होती. आपले गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांचे. कलई उडालेल्या भांड्यात ताक का कळकते, हा तिचा प्रश्न. कलईची व बिनकलईची भांडी मांडून तिने दररोजच्या नोंदी ठेवल्या आणि आठवीत विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळवले. मात्र अर्जाची मुदत आम्हाला अखेरच्या दोन दिवसांत कळली. प्रमाणपत्र सापडेना. अर्ज त्याविनाच गेला. यादीत नाव आले नाही. प्रमाणपत्राने निवड झालीच असती असे नव्हे. परंतु नववी दुसऱ्यांदा येत नाही.

पुढे एका आप्ताने परदेशातील सशुल्क ‘संशोधन शिबिरा’चे माहितीपत्रक आणले. मी मुदत ठेव मोडायला निघालो. तेव्हा नात म्हणाली, “आजोबा, पैसे भरेल त्याला घेतात, मग निवड कसली?” मी निरुत्तर झालो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये भरणारी ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ १९८४ मध्ये सुरू झाली. अत्यंत चुरशीची निवड असूनही तेथे अमेरिकी विद्यार्थ्यांकडून शुल्क घेत नाहीत. सशुल्क वर्गही काही शिकवत असतील. पण खरेदीला निवड म्हणू नये, एवढे व्यापाऱ्याच्या घरात सांगावे लागू नये.

वाचकहो, तीन गोष्टी कराव्यात. मूल सहावीत जाताच त्याची एक फाईल करावी. गुणपत्रके, प्रमाणपत्रे, प्रयोगांच्या नोंदवह्या तीत ठेवाव्यात आणि फेब्रुवारीपासून इस्रोच्या संकेतस्थळावर लक्ष असावे. अर्जातील मजकूर मुलानेच लिहावा. काका-मामांनी सजवलेली भाषा वाचणाऱ्यास तत्काळ ओळखू येते. आणि एक दार बंद झाले तर दुसरे पाहावे. नोव्हेंबरमध्ये ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा होते. पुढील टप्पे पार करणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांसाठी मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शिबिर भरते.

नात आता अकरावीत असून त्याच परीक्षेची तयारी करीत आहे. गेल्या दिवाळीत वहीपूजनासाठी दुकानातील जुन्या वह्या काढताना ते हरवलेले प्रमाणपत्र एका खतावणीत सापडले. तिने काही न बोलता ते आपल्या फाईलमध्ये सर्वांत वर लावले.