पँथरच्या गावी मैल्याचा गुन्हा

मुंबईत १९७२ साली उभ्या राहिलेल्या दलित पँथरचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आले, हे आपण जाणतोच. पण ते काळे पँथर निवडणूक चिन्ह म्हणून १९६६ साली झळकले ते अलाबामा राज्यातल्या लाउंड्स काउंटीत.

तिथल्या कृष्णवर्णीय बांधवांच्या बहुतेक घरांपर्यंत सरकारी गटार पोहोचलेच नाही. कायदा म्हणतो, सेप्टिक टाकी घरमालकाने स्वखर्चाने बसवावी. माती चिकण, पाणी मुरत नाही. साधी टाकी तुंबते आणि टिकणाऱ्या यंत्रणेला हजारो डॉलर लागतात. ते नाहीत म्हणून मैला पाइपाने घरामागे सोडला, तर फौजदारी गुन्हा! काहींना अटकही झाली. पाणवठा नाकारायचा आणि वर अस्वच्छ म्हणायचे, ही रीत आम्हांला नवी नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या ५५ जणांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिकांत हुकवर्म जंताच्या खुणा सापडल्या.

याच काउंटीच्या कन्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स वर्षानुवर्षे लढल्या. २०२३ मध्ये केंद्रीय न्याय खात्याशी करार होऊन राज्याने खटले थांबवले. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने तो करारच मोडीत काढला. आहे तो निधी संपेपर्यंत टाक्या बसवू, एवढेच राज्याचे आरोग्य खाते म्हणाले.