एक्स्पोर्ट केलेली चित्रफीत गेली कोठे? धर्मग्रामाच्या संगणकाविषयी थोडेसे



मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चर्चची द्वारे बंद झाली आणि अनेक धर्मग्रामांतील ख्रिस्तयाग संगणकाच्या साह्याने घरोघरी पोहोचू लागले. पुढे द्वारे उघडली; चित्रीकरणाचा परिपाठ मात्र राहिला. आज प्रथम कम्युनियन, सणाची मिस्सा, लग्नविधी, गुरुदीक्षेचा रौप्यमहोत्सव आणि मयताची मिस्सा या साऱ्यांच्या चित्रफिती धर्मग्रामाच्या कार्यालयातील एकाच संगणकात साठत असतात. त्यासोबत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, "काल रात्री एक्स्पोर्ट केले होते, आज फाइल सापडत नाही." दुसरी, "डिस्क भरली आहे, आता काय पुसू?" या दोन्ही तक्रारींचा एकत्र विचार करणे अगत्याचे आहे, कारण पहिलीचे उत्तर मिळण्यापूर्वीच दुसरीवर घाईने उपाय योजला, तर हरवलेली चित्रफीत खरोखरच हरवते. आखातात नोकरी करणाऱ्या एखाद्या मुलाला वडिलांच्या अंत्यविधीस येता आले नसेल, तर त्याच्यासाठी ती फाइल केवळ पाच गिगाबाइटची वस्तू नसते.

प्रथम एक भेद नीट समजून घेऊ. संकलनाच्या प्रोग्राममध्ये आपण जे काम 'सेव्ह' करतो ती असते प्रोजेक्ट फाइल. तिच्यात चित्र नसते, आवाजही नसते. कोणती क्लिप कोठून उचलायची, कोठे कापायची, कोणते शीर्षक लावायचे, एवढ्याच सूचना तिच्यात असतात. तिचा आकार बहुधा अगदी लहान असतो. 'एक्स्पोर्ट' केल्यानंतर प्रोग्राम मूळ क्लिप्स वाचून संपूर्ण नवी चित्रफीत लिहितो, आणि तीच दुसऱ्याला देण्याजोगी असते. विंडोज मूव्ही मेकर वापरणाऱ्या आपल्या अनेक युवकांनी 'सेव्ह प्रोजेक्ट' केले आणि चित्रपट तयार झाला असे समजून तीच फाइल पेन ड्राइव्हवर दिली. ती दुसऱ्याच्या घरी उघडेना. त्या प्रोग्रामचे साहाय्य मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ रोजी थांबवले, तरी त्याच्या प्रोजेक्ट फाइल्स जुन्या संगणकांत अजून आढळतात. सोबत मूळ क्लिप्स नसतील तर अशा फाइलचा काहीही उपयोग होत नाही.

आता शोधाकडे वळू. एक्स्पोर्ट झालेली फाइल सहसा नाहीशी झालेली नसते. आपण पाहत नाही अशा जागी ती पडून असते. बहुतेक प्रोग्राम मागच्या वेळी वापरलेले फोल्डर लक्षात ठेवतात. मागच्या वेळी पेन ड्राइव्ह निवडला असेल, तर या वेळचे एक्स्पोर्टही तिकडेच गेलेले असण्याचा संभव असतो. म्हणून सर्वप्रथम प्रोग्रामलाच विचारावे. दाविंची रिझॉल्व्हमध्ये 'डिलिव्हर' या पानावर पूर्ण झालेल्या कामांची यादी दिसते. त्या कामावर उजवे बटण दाबले की फाइलची जागा उघडण्याचा पर्याय मिळतो. अ‍ॅडोबी प्रीमिअरमध्ये पुन्हा एक्स्पोर्टची खिडकी उघडली तर फाइलचे नाव व तिचा मार्ग तेथे दिसतो. पुन्हा एक्स्पोर्ट न करता तो मार्ग टिपून घेऊन खिडकी बंद करावी.

तेवढ्याने भागले नाही तर विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये डावीकडील 'धिस पीसी' निवडून शोधावे. शोध सुरू झाला की फाइलचा प्रकार, बदलाची तारीख व आकार यांनुसार निवड करता येते. प्रकार 'व्हिडिओ' व तारीख 'काल' किंवा 'हा आठवडा' अशी निवड केली, तर फाइलचे नाव आठवत नसले तरी चालते. पुष्कळदा फाइलला प्रोग्रामनेच 'अनटायटल्ड' किंवा 'सिक्वेन्स ०१' असे नाव दिलेले असते, आणि आपण मात्र 'सणाची मिस्सा' असे टाइप करून शोधत बसतो. आणखी एक फसगत डेस्कटॉपची. वनड्राइव्ह चालू असेल तर विंडोज डेस्कटॉपचे फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलवू शकते. मग जुन्या जागी पाहणाऱ्यास ते रिकामे भासते.

फाइल कोठेच नसेल, तर एक्स्पोर्ट मुळात पूर्ण झाले होते काय, हे तपासावे. याचे एक कारण आमच्याकडे वारंवार आढळते व त्याची माहिती फार थोड्यांना आहे. साध्या पेन ड्राइव्हवर पुष्कळदा फॅट-३२ ही जुनी मांडणी असते आणि तिच्यात चार गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, मग पेन ड्राइव्ह चौसष्ट गिगाबाइटचा व संपूर्ण रिकामा का असेना! दीड तासाचा विधी सेकंदाला आठ मेगाबिट या वेगाने एक्स्पोर्ट केला तर फाइल सुमारे ५.४ गिगाबाइटची होते. चार गिगाबाइटपाशी काम अडते, आणि सकाळी येऊन पाहावे तर अर्धवट फाइल किंवा काहीच नाही. उपाय सोपा आहे: एक्स्पोर्ट आधी संगणकाच्या डिस्कवर करावे, मग प्रत द्यावी, आणि पेन ड्राइव्ह एक्सफॅट मांडणीत फॉरमॅट करून घ्यावा. फॉरमॅट केल्याने त्यावरील सर्व काही पुसले जाते, हे मात्र विसरू नये.

संगणकाच्या डिस्कवरच जागा नसेल तरीही एक्स्पोर्ट असेच मध्ये थांबते. येथून जागेचा प्रश्न सुरू होतो. कॅमेरा सेकंदाला सोळा मेगाबिटने चित्रण करीत असेल तर ताशी सुमारे ७.२ गिगाबाइट होतात. दोन कॅमेरे, दीड तासाचा विधी: २१.६ गिगाबाइट. त्यात तयार चित्रफीत मिळवली की एका विधीचे सत्तावीस. दोनशे छप्पन्न गिगाबाइटची डिस्क असे सात-आठ विधी झाल्यावर भरली तर नवल नाही.

मग काय पुसावे? जे पुन्हा निर्माण करता येते ते आधी, हा नियम. संकलनाचे प्रोग्राम स्वतःच्या सोयीसाठी 'कॅश' व 'रेंडर' फाइल्स तयार करतात. त्या अनेक गिगाबाइट जागा अडवतात, आणि पुसल्या तरी गरज पडताच पुन्हा तयार होतात; जातो तो केवळ थोडा वेळ. प्रीमिअरमध्ये 'प्रेफरन्सेस' मधील 'मीडिया कॅश' या भागात, तर रिझॉल्व्हमध्ये 'प्लेबॅक' मेनूत 'डिलीट रेंडर कॅश' येथे त्या पुसण्याची सोय आहे. त्यानंतर एकाच विधीच्या तीन-तीन एक्स्पोर्ट प्रतींकडे पाहावे. 'फायनल', 'फायनल-२' व 'अगदी फायनल' या तिन्ही फाइल्स एकेका डिस्कवर सुखाने नांदत असतात! त्यांतील शेवटची शेवटपर्यंत पाहून, आवाज ऐकून, मगच उरलेल्या काढाव्यात.

कॅमेऱ्यातील मूळ चित्रण मात्र पुन्हा निर्माण होत नाही. विधी एकदाच होतो. दुसऱ्या डिस्कवर प्रत केली आहे व ती उघडून पाहिली आहे, अशी खात्री झाल्यावाचून मूळ फाइल्सना हात लावू नये. 'व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आहे ना' किंवा 'यूट्यूबवर आहे ना' हे उत्तर पुरेसे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केली जाते, आणि यूट्यूबवरून परत उतरवलेली प्रत मूळ दर्जाचीच मिळेल असे नाही. गूगलच्या मोफत पंधरा गिगाबाइटमध्ये टपाल, ड्राइव्ह व छायाचित्रे सारेच येते. म्हणजे वर सांगितलेल्या विधीपैकी एकही त्यात पूर्ण मावत नाही.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' खाली 'स्टोरेज' असा भाग आहे. कोणत्या गोष्टीने किती जागा घेतली ते तेथे कळते. तेथील तात्पुरत्या फाइल्सच्या यादीत 'डाउनलोड्स' हे फोल्डरही येते, त्यावर खूण करण्यापूर्वी आत काय आहे ते पाहावे. आमच्या अनुभवाने अनेक कार्यालयांत तेच खरे दप्तर असते. पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये असेपर्यंत डिस्कची जागा मोकळी होत नाही. तोवर ती परतही आणता येते. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल मात्र सहसा बिनमध्ये जात नाही. चुकून हवी ती फाइल बिनमधूनही गेली, तर त्या डिस्कवर काहीही नवे न लिहिता काम ताबडतोब थांबवावे. पुसलेल्या जागेवर नवे लिहिले जाईपर्यंत जुन्या प्रकारच्या हार्ड डिस्कवरून फाइल परत मिळण्याची आशा असते. एसएसडीवर ती फारच अल्प. परत मिळवलेली फाइलही दुसऱ्याच डिस्कवर घ्यावी.

धर्मसंहितेच्या ५३५ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांची नोंदपुस्तके असावी लागतात, आणि ती सुरक्षित राहावीत म्हणून दप्तरखानाही असावा लागतो. चित्रफितींचा उल्लेख त्या कलमात नाही. तरीही नोंदपुस्तकाची शिस्त येथे उपयोगी पडेल. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस व विधी लिहावा, म्हणजे यादी आपोआप तारखेनुसार लागते. बाहेरच्या दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. एक कार्यालयात, दुसरी वेगळ्या इमारतीत. पावसाळ्यात कार्यालयात पाणी शिरते अशा गावांत हे विशेष पाहावे. कोणत्या डिस्कवर कोणता विधी आहे ते एका साध्या वहीत लिहावे, कारण चित्रीकरण करणारा युवक उद्या शिक्षणासाठी पुण्याला किंवा नोकरीसाठी परदेशी जाईल आणि पासवर्डही त्याच्याबरोबरच जाईल. वर्षातून एकदा, आगमनकाळापूर्वी म्हणा, दोन्ही डिस्क संगणकाला जोडून प्रत्येकीवरील चार-पाच चित्रफिती उघडून पाहाव्यात, आणि पाहिल्याची तारीख त्याच वहीत टिपावी.